वेळास ते चिपळूण : जाण्याआधीचं वाचन कुठवर आलं

मार्चमध्ये उत्तर रत्नागिरीत जायचं नक्की झालंय. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून मंडणगड आणि वेळास. मग किनाऱ्याने केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दाभोळ. दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढून पलीकडे धोपावे, पुढे गुहागर, आणि येताना चिपळूणवरून कुंभार्ली चढून कराडमार्गे घरी. तारखा वेळासच्या कासवांवर बांधल्यात. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं त्या सुमारास समुद्रात सोडतात आणि ती कधी बाहेर येतील ते आपल्या हातात नसतं, म्हणून तिथे एक मुक्काम जास्तीचा ठेवलाय. राहण्याचं नवऱ्याकडे, पुस्तकांचं माझ्याकडे.

आधी निवड कशी केली ते सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

ग्रंथालयात जाऊन ‘कोकणावरचं काही द्या’ म्हटलं की टेबलावर ढीग येतो आणि त्यातलं निम्मं आपल्या वाटेवरचं नसतं. जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ मला अतिशय प्रिय आहे, पण ते आरवलीचं, म्हणजे वेंगुर्ल्याकडचं. तिथली बोली वेगळी, माणसांचा स्वभाव वेगळा. ते मी वेंगुर्ल्याच्या सहलीसाठी राखून ठेवलंय. यंदा नियम असा केला की पुस्तक शक्यतो आपण ज्या खाड्या ओलांडणार त्यांच्या आसपासचं हवं. आणि दुसरा नियम, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो : एकाच जमिनीकडे वेगवेगळ्या दारांतून बघणारी पुस्तकं हवीत. सगळी एकाच ओटीवर बसून लिहिलेली नकोत.

सुरुवात गॅझेटियरने, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाने केली. मुंबई इलाख्याच्या जुन्या मालिकेतला दहावा खंड, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’, 1880 सालचा. इंग्रजीत आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो. सलग वाचायला बसू नका, कंटाळाल. रत्नागिरीच्या भागातलं शेवटचं गावांचं प्रकरण आधी उघडा आणि आपल्या रस्त्यावरची गावं तेवढी काढा. दापोलीची माहिती वाचताना लक्षात येतं की तिथे इंग्रजांची छावणी होती, आणि तिकडची जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ का म्हणतात ते कळतं. दाभोळवर तर थांबूनच वाचावं. आज तिथे आपण फेरीबोटीच्या रांगेत उभे राहतो, पण एके काळी ते मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच जहाजात चढला. मग मागे येऊन जमीनमहसुलाचं प्रकरण वाचा. रुक्ष आहे, पण खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा खोताचा वंशपरंपरागत हक्क, नेमकी कशी चालायची हे त्याच्याइतकं सविस्तर मला दुसरीकडे सापडलं नाही. आणि खोती कळली नाही तर इथली एकही कादंबरी नीट कळत नाही.

त्यानंतर ‘तुंबाडचे खोत’. श्री. ना. पेंडशांचा जन्म आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचा, आणि कादंबरी जगबुडी नदीच्या काठची. 1987 साली आली, दोन जाडजूड खंड, खोतांच्या चार पिढ्या. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, ‘‘दोन्ही भाग एकदम न्या हो, एकेक नेलात तर दुसरा हाती लागायचा नाही.’’ त्यांचं ऐकलं ते बरं झालं, कारण पहिला संपल्यावर मधे थांबणं अशक्य होतं. वाचताना शेजारी नकाशा ठेवला होता. जगबुडी खेडवरून खाली येते, वाशिष्ठीला मिळते आणि ते सगळं पाणी दाभोळच्या खाडीत उतरतं. म्हणजे फेरीबोटीत उभं राहून आपण जे पाणी बघणार ते थेट तुंबाडकडून आलेलं. हे कळल्यापासून मला ती फेरीबोट कधी येते असं झालंय.

सासूबाईंना ‘पडघवली’ दिली. गो. नी. दांडेकरांची, 1955 सालची. तीही खोताच्याच घरातली, पण ती अंबूवहिनीच्या तोंडून येते, त्यामुळे आत स्वयंपाकघर, माजघर, परसू सगळं दिसतं. सासूबाईंचं आजोळ गुहागरचं. रोज दुपारी पानं वाचतात आणि संध्याकाळी मला सांगत बसतात. परवा रहाटाचं निघालं. ‘‘अगं, रहाटाला मातीची लोटी बांधलेली असायची ओळीने. भरून वर यायची, पन्हळीत ओतली की पाणी पाटाने पोफळीच्या बुडाशी. एक जरी लोटं फुटलं तरी ऐकू यायचं, पाण्याचा आवाज मधेच तुटायचा. आजोबा ओटीवरून ओरडायचे, लोटं गेलं बघा!’’ हे कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांनी पुस्तक वाचलं म्हणून ते वर आलं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, बरोबर येणाऱ्यांपैकी ज्यांचं त्या भागाशी नातं आहे त्यांच्या हातात एक तरी पुस्तक आधी द्या.

आता दुसरं दार. ही दोन्ही पुस्तकं खोतांच्या घरातून बोलतात. कुळाच्या, म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्याच्या बाजूने काय दिसत होतं? मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, आपल्या वाटेच्या अगदी जवळ. बाबासाहेबांचं लहानपणीचं काही काळ वास्तव्यही दापोलीत होतं. त्यांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती पुढे 1949 साली. विधिमंडळातलं त्यांचं कामकाज राज्य शासनाच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालिकेच्या दुसऱ्या खंडात आहे. तुंबाडचा दुसरा भाग संपवून लगेच त्यातली खोतीवरची पानं काढली. कादंबरीत जी माणसं अंगणाच्या कडेला उभी असतात, त्यांच्यासाठी इथे कोणीतरी कलमं लिहीत होतं. ही दोन वाचनं पाठोपाठ करा असं मी आग्रहाने सांगेन.

आणि ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’, 2003 सालचं आत्मकथन. त्यांचं फणसवळे रत्नागिरी तालुक्यातलं, त्यामुळे माझ्या पहिल्या नियमात बसत नाही. दुसऱ्यासाठी पहिला मोडला. सुरुवातीलाच डोंगरातल्या गावांमधून रत्नागिरीच्या बाजारात माल विकायला निघालेल्या बायका आहेत, डोक्यावर लाकडांचे, गवताचे भारे, चढउतारांची लांब वाट. कोकणातला घाटरस्ता आपण गाडीच्या काचेतून बघतो आणि ‘काय हिरवंगार’ म्हणतो. तोच चढ भारा घेऊन चढणाऱ्या पायांना कसा लागतो, ते ही पानं वाचल्यावर विसरता येत नाही. आईचं बांबूच्या टोपल्या-सुपं विणणं पुस्तकभर चालू राहतं. यंदाच्या यादीतलं एकच पुस्तक कोणाला वाचायचं असेल तर मी हे देईन.

चिपळूणसाठी हमीद दलवाईंची ‘इंधन’. ते चिपळूणला लागून असलेल्या मिरजोळीचे. बहुतेकांना ते समाजसुधारणेसाठी काढलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळामुळे माहीत असतात, कादंबरी फार जणांनी वाचलेली नसते. 1965 साली आलेली, अंगाने लहान. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस आणि हिंदू-मुसलमानांच्या नात्यात हळूहळू चढत जाणारा ताण. नवऱ्याने एका बैठकीत संपवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. खाडीकाठच्या या पट्ट्यात मुस्लिम वस्ती केवढी जुनी आहे, आणि आपल्या नेहमीच्या कोकणवाचनात ती किती कमी येते, हे त्यामुळे जाणवलं.

कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ सध्या चालू आहे. धोंडो केशव कर्वे वाढले ते दापोलीजवळच्या मुरुडला. पुण्यात आपण कर्वे रस्त्यावरून जातो, हिंगण्याची संस्था माहीत असते, पण त्या सगळ्याचं मूळ समुद्रकाठच्या त्या गावात आहे हे डोळ्यांसमोर येत नाही. तरुणपणी ते परीक्षेला मुरुडहून सह्याद्री चढून साताऱ्याला पायी गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली, पण त्यांच्या स्वतःच्या साध्या, न चढवलेल्या भाषेत वाचली की जास्त लागते. मुलाला तेवढी पानं परतीच्या दिवशी कुंभार्ली घाटात वाचायला देणार आहे. अख्खं पुस्तक मुलांवर लादू नका. जागा आणि चार पानं जुळवून द्या, ती आपणहून पुढे विचारतात.

‘अंतू बर्वा’ यादीत धरलेला नाही. तो वाचायचा नाही, गाडीत पु. लं.च्या आवाजात ऐकायचा. माणगाव सोडल्यावर लावू.

बरोबर काय न्यायचं यावर घरात अजून चर्चा आहे. जाड पुस्तकं इथेच राहतील हे ठरलं. समुद्रावर गेल्यावर कादंबरी उघडत नाही कोणी, निदान आमच्याकडे नाही. मी गॅझेटियरमधली गावांची पानं छापून घेतली आहेत आणि एका वहीत प्रत्येक गावापुढे पुस्तकातली जागा लिहिली आहे. ‘आयदान’ची स्वतःची प्रत अप्पा बळवंत चौकातून आणली, ती मात्र बरोबर येणार. चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जायचंय. 1864 पासूनचं ते वाचनालय, जुलै 2021 च्या पुरात पुस्तकांचं फार नुकसान झालं. तिथे स्थानिक लेखकांचं जे मिळेल ते बघायचं आहे आणि आमच्याकडची काही पुस्तकं त्यांना चालतील का ते आधी विचारणार आहे.

यादीत एक भोक उरलंय. हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तो बघायचाच आहे. पण कोळी आणि दालदी (इथले मुस्लिम मच्छीमार) समाजातून, खुद्द बोटीवरच्या माणसाने किंवा लिलावात बसणाऱ्या बाईने मराठीत लिहिलेलं या पट्ट्यातलं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. शहरातल्या लेखकाने कोळीवाड्यावर लिहिलेलं नको आहे, ते बरंच वाचून झालं. आत्मकथन असेल, कविता असतील, एखाद्या दिवाळी अंकातला लेख असेल तरी चालेल. कोणाला ठाऊक असेल तर फेब्रुवारीच्या आत कळवा, म्हणजे जाण्याआधी वाचून होईल.