मेंटल वॉर्डात मालिश? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

दर डिसेंबरात सांगलीला आले की कुणी ना कुणी विचारतंच, अगं मेलबर्नला तू नेमकं करतेस काय, आणि मी म्हटलं की हॉस्पिटलात, सायकिअ‍ॅट्रीच्या वॉर्डात अ‍ॅडमिट असलेल्या सोळा-सतरापासून चोविशीपर्यंतच्या पोरापोरींना मसाज देते, की समोरच्याचा चहाचा कप हातातच राहतो. मग ठरलेले प्रश्न. भीती नाही वाटत? त्याने खरंच काही होतं का? आणि मावशीचा खास, एवढं शिकून मालिशवाली?

मावशीचं आधी. हो, मालिशवाली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईच्या हाताला जे कळतं ना, ते माझ्या रेमेडियल मसाजच्या, म्हणजे दुखणं-आखडणं कमी करायच्या मसाजच्या, डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता भीती. वाटते, पण माझ्या हातून चूक होण्याची. झालीये पण. सुरुवातीला एकदा कॉरिडॉरमध्ये एका मुलीला जाता जाता 'काय गं, बरी आहेस?' म्हणून खांद्यावर हात ठेवला, आपण ठेवतो तसा सहज, आणि ती भिंतीला चिकटली अक्षरशः. चार दिवस माझ्या खोलीकडे फिरकली नाही. नर्सने मला बाजूला घेऊन जे सुनावलं ते बरोबरच होतं. ह्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगाला आधी कुणीतरी न विचारता हात लावलेला असतो, ते कुणाचं आणि काय हे मला माहीत असेलच असं नाही.

म्हणून आमचं काम बाहेरून बघायला फारच साधं दिसतं. दार उघडं, नर्सला आम्ही दिसतोय अशी खुर्ची. कपडे अंगावरच. तेलाची बाटली प्लास्टिकची, काच आत नेता येत नाही, आणि माझ्या एप्रनला नाडी चालत नाही म्हणून मी वेलक्रो लावून घेतलंय. बदामाचं तेल नाही, कारण नट्सची अ‍ॅलर्जी. हातावर ताज्या जखमा असतील तर तिथे अजिबात नाही. ज्याला वाटतंय की सगळे आपल्या वाइटावर टपलेत, त्याला त्या दिवशी मसाज विचारायचाही नाही. आणि मान एका बाजूला वळून कडक झाली, जबडा आवळला, तर ती चोळून मोकळी करायला जायचं नाही, काही गोळ्यांनी असं होतं, त्याला इंजेक्शन असतं, पटकन नर्सला हाक मारायची.

एक मुलगा होता (ओळखू येईल ते सगळं बदललंय). हुडीच्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. म्हणाला, फक्त डावा हात आणि मनगटाच्या वर नाही. बरं. तळव्याच्या मधून अंगठ्याने बाहेर बाहेर, मग एकेक बोट. दोन मिनिटांत म्हणाला, थांब. मी हात उचलले, टॉवेलला पुसले, मांडीवर ठेवले. तो बघत बसला. मग म्हणाला, कर. अर्ध्या मिनिटात परत थांब. असं सहा वेळा, वीस मिनिटांत मसाज झाला असेल जेमतेम आठ मिनिटं. दुखत नव्हतं त्याला, मी खरंच थांबते का हे तो तपासत होता. वॉर्डात जेवायचं कधी, फोन कधी मिळणार, गोळी कुठली, दार कोण उघडणार, सगळं दुसऱ्याच्या हातात. तिथे त्याच्या एका शब्दावर थांबणारी एवढी एकच गोष्ट. मला विचाराल तर निम्मा गुण त्यात आहे.

उरलेला निम्मा? पुरावा विचारणारे भावजी आहेत घरात, त्यांच्यासाठी. 1992 मध्ये अमेरिकेत मायामीच्या संशोधक टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅडमिट असलेल्या 72 मुलांवर अभ्यास केला, काहींना पाच दिवस रोज अर्धा तास पाठीचा मसाज, काहींना नुसते शांत वाटेल असे व्हिडिओ. मसाजवाल्यांची घालमेल कमी झाली, झोप वाढली. आमच्या मेलबर्नचा अभ्यास 2008 चा, तरुणांच्याच वॉर्डातला, त्यातही मसाजनंतर लगेच अस्वस्थता आणि नाडीचे ठोके उतरले, पण चिडचिड आणि डिप्रेशन मसाज न मिळालेल्यांचंही कमी झालं होतं. शिवाय कुणाला मसाज मिळणार आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, म्हणजे फरक मसाजचाच असं छातीठोक सांगता येत नाही. कॉर्टिसॉल म्हणजे ते ताणाचं हार्मोन धबाधब उतरतं वगैरे जे स्पावाले सांगतात ना, 2011 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो फरक अगदीच किरकोळ निघाला. तेव्हा आजार बरा करते असं मी कुणालाच सांगत नाही. संध्याकाळचे दोन तास जरा सुसह्य जातात, रात्री झोप लागते, एवढं मी रोज बघते आणि त्या वॉर्डात रात्रीची झोप ही काय चीज आहे हे तिथे राहिलेल्यालाच विचारा.

परवा माझ्या एका बहिणीने विचारलं, तिची पंधरा वर्षांची लेक महिनाभर अ‍ॅडमिट राहून घरी आलीये, घरी करू का गं? म्हटलं कर, पण हातपाय पुरे, डोक्याला तेल थापायला जाऊ नकोस लगेच, गोळ्या आहेत तशा चालू ठेव आणि आधी विचार. नको म्हणाली तर वाटी उचलायची, तोंड पाडायचं नाही, 'तुझ्यासाठीच करतेय ना मी' तर अजिबात नाही. रात्री तिचा मेसेज आला: नको म्हणाली. तोंड नाही पाडलं. कोमट केलेलं तेल माझ्याच गुडघ्यांना लावलं.