२० गुंठे आणि दोन लाख लिटर पाणी

हिंगणघाटच्या पट्ट्यात गावाबाहेर घर बांधून राहायला येणारे आता बरेच आहेत. नागपुरात नोकरी संपलेली असते, मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला असतात आणि वडिलांच्या वावराचा रस्त्याकडचा तुकडा नावावर असतो. माझी रोपवाटिका आहे आणि अशा घरांभोवती बाग करून देणं हे माझं काम. मला बोलावतात ते रंगकाम झाल्यावर. तोवर घराभोवती गवताची काडी उरलेली नसते. काळ्या मातीवर फूट-दीड फूट मुरूम पसरून रोलर फिरवलेला असतो, त्यात सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, सळयांची टोकं. बांधकाम ठेकेदारांना मातीशी काही देणंघेणं नसतं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिल्या भेटीत जमीन बघतो, घर नंतर.

हे घर एका निवृत्त साहेबांचं. जागा अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे. चारही बाजूंनी पाच फुटी पक्की भिंत, खाली काँक्रीटची पट्टी, पूर्वेला रस्ता आणि फाटक. मी मे महिन्यात गेलो तेव्हा भिंत पूर्ण झाली होती. साहेबांची मागणी स्पष्ट होती: समोर हिरवळ, फाटकाच्या दोन्ही बाजूंना पाम, भिंतीच्या कडेनं कोनोकार्पस या झपाट्यानं वाढणाऱ्या परदेशी झाडाची रांग, आणि दिवाळीला नातवंडं येतील तेव्हा सगळं डोळ्यांत भरलं पाहिजे.

कोनोकार्पस मी लावत नाही. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, पण त्याआधीपासून मी ते विकणं सोडलं होतं. त्यावर मला पाखरं फारशी दिसली नाहीत आणि मुळं पाण्याच्या पाइपात शिरतात. हिरवळीचंही मी थेट सांगितलं की आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बोअरचं पाणी हिवाळ्यातच कमी होऊ लागतं, तेव्हा ओसरीसमोर हरळीचा छोटा तुकडा पुरे. साहेब नाराज झाले, पण ऐकलं. पामचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. ते ठेकेदाराकडून लावून घेतले.

काळ्या मातीबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट पटतच नाही. त्यांना वाटतं एवढी कसदार जमीन, काठी रोवली तरी पालवी फुटेल. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. वाळली की हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा करा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मुरमाड जमिनीत तो बरोबर आहे. भारी काळ्या जमिनीत तो खड्डा म्हणजे हौद. आत भुसभुशीत खतमाती, भोवती फुगलेली चिकण भिंत; पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि तिथंच राहतं. रोप पावसाळ्यात कुजतं आणि मालक म्हणतो, वाळवी लागली.

साहेबांना हे दाखवायला मी मुरूम काढून खालची काळी जमीन उघडली, दीड फूट खोल खड्डा केला आणि पाण्यानं भरला. पहिलं पाणी भेगांत गेलं. पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी तसंच होतं, वर एक पान तरंगत होतं. साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. तिथून पुढे झाडांच्या बाबतीत त्यांनी माझा शब्द मोडला नाही.

मग आम्ही वरंबे केले. जिथे झाडं येणार त्या पट्ट्यांतला सगळा मुरूम उचलला, खालची काळी माती सब्बलनं फोडून मोकळी केली, तिच्यावर कुजलेलं शेणखत, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि पुन्हा माती असे थर देत सहा फूट रुंद, दीड फूट उंच वरंबे उभे केले. खड्डा नाहीच, रोप वरंब्याच्या पाठीवर. या जमिनीला मानवतील तीच झाडं निवडली: कडुनिंब, कवठ, बेल, बहावा, चिंच. जेवणघराच्या मागे सांदवाडीत शेवगा, कढीलिंब, सीताफळ. बाईसाहेबांना एक्झोरा हे फुलझाड हवं होतं, ते जमिनीत लावायला मी नकार दिला. आमच्या मातीत चुनखडी आहे, लोह असूनही मुळांना मिळत नाही; पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकस, म्हणजे लोहाचं खत, जमिनीत टाकली तर तीही अडकून बसते. फवारली तर पंधरा दिवस पानं सुधारतात, नवी पानं पुन्हा पिवळीच येतात. त्यासाठी कुंडी आणि कुंडीत वेगळी माती.

मोठी रोपं आंध्रातून येतात, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून, लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात. तो गोळा प्रवासात मूळ सांभाळतो. पण तसाच काळ्या मातीत ठेवला तर मूळ त्या लाल मातीबाहेर पडत नाही. वर्षानं उपटलं तर झाड गोळ्यासकट हातात येतं. आम्ही गोळा टाकीत भिजवतो, बाहेरची दोन बोटं माती हातानं सोडवतो, वळलेली मुळं कात्रीनं कापतो. माझ्याकडच्या बायका हे काम इतक्या हळुवारपणे करतात की एक तंतू तुटत नाही. मजुरीच्या पावतीत या कामाला रकाना नसतो आणि मालक विचारतात, एका झाडाला एवढा वेळ का लागतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मे महिन्यातच मी गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी घेऊन सगळी जागा मोजली होती. उतार नैऋत्य कोपऱ्याकडे होता, आणि तिथं भिंत सलग होती. त्या कोपऱ्यापलीकडे एका मावशींचं वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि मध्ये तुरीच्या ओळी. मी साहेबांना हिशेब मांडून दिला: २० गुंठ्यांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी जमतं. आमच्याकडे असा पाऊस पडतो. या पाण्याला वाट द्या, मग झाडं लावू. साहेबांना रानडुकरांची आणि सापांची भीती होती, ती खोटी नव्हती. भिंतीत रुंद मोकळीक ठेवायला ते तयार झाले नाहीत. ठेकेदारानं चार इंची पाइप भिंतीतून काढून दिला, तोंड मावशींच्या वावराकडे, आणि विषय संपला असं जाहीर केलं.

पुनर्वसूतला पाऊस, ज्याला आमच्याकडे तरणा म्हणतात, रात्रीच लागला. सकाळी साहेबांचा फोन आला. मी माणसं घेऊन पोहोचलो तेव्हा अंगणात गुडघाभर पाणी होतं आणि वरंबे त्यातून वर दिसत होते. पाइपचं तोंड कुटारानं आणि प्लास्टिकनं अर्धं बुजलं होतं. उरलेल्या अर्ध्यातून पाणी पिचकारीसारखं पलीकडे पडत होतं. साहेब छत्री धरून ओसरीत उभे. जोत्याला पाणी टेकायला वीतभर बाकी होतं. "फोडा भिंत," ते म्हणाले.

माझ्या माणसानं सब्बल उचलली तेवढ्यात पलीकडून आवाज आला. मावशी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांधावर उभ्या होत्या, मांडीपर्यंत चिखल.

"भाऊ, भिंत नका फोडू इथं. सगळं पानी एकदम माह्या वावरात येईन."

"मग पाणी जाणार कुठून, मावशी?"

"पहिले रोडकडल्या चरातून नाल्यात जाये. तो चर कोनं बुजवला, त्याले इचारा."

मे महिन्यात मी त्या रस्त्याच्या कडेनं रोज गेलो होतो, पण तिथं चर दिसायचं कारणच नव्हतं. ट्रक आत घेण्यासाठी ठेकेदारानं फाटकासमोरचा सगळा चर मुरमानं भरून सपाट केला होता. वरच्या वावरांचं पाणी पूर्वी त्या चरातून पुढच्या नाल्याला मिळायचं. आता ते फाटकातून आत येत होतं आणि साहेबांच्या २० गुंठ्यांत साठत होतं. म्हणजे अंगणात होतं ते नुसतं त्या जागेवर पडलेलं पाणी नव्हतं.

ओल्या काळ्या जमिनीत जेसीबी आणता येत नाही, तो रुततो. फावडी आणि घमेली घेऊन आम्ही फाटकासमोर लागलो. दाबलेला मुरूम ओला असला तरी फावड्याला दाद देत नाही. आधी सब्बल, मग फावडं. मावशी स्वतःचं फावडं घेऊन आल्या आणि जुना चर कुठून कसा वळतो ते दाखवत पुढे चालल्या. त्यांनी दाखवलेल्या रेषेवरच खालची चिकण माती लागत गेली. दुपारनंतर पाणी वळलं. वरचा लोंढा चरातून नाल्याकडे गेला, आत येणं थांबलं. आतलं पाणी आम्ही पाइप मोकळा करून हळूहळू सोडलं, मावशींनी सांगितलं तेवढंच.

वरंब्यांवरचं एकही झाड गेलं नाही. ठेकेदारानं खड्ड्यात लावलेले दोन्ही पाम महिन्याभरात शेंड्यातून कुजले. आणि पलीकडे, पाइपच्या तोंडापुढच्या तुरीनं पहिल्याच उघडिपीत माना टाकल्या. तुरीला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. पऱ्हाटी पिवळी पडली, त्यातली काही सावरली.

मला हे सोडत नाही ते यामुळे. साहेबांनी मुरूम टाकून जमीन उचलली, मी वरंबे उचलले, दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य. पण पाणी शेवटी सगळ्यात खालच्या वावरात गेलं, आणि ते वावर ज्यांचं आहे त्यांना कोणी आधी विचारलंच नव्हतं. गावाबाहेर प्रत्येक नवं घर असंच भर टाकून, भिंत घालून उभं राहतंय. नकाशात उतार दाखवला जात नाही, परवानगी देताना शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणी येत नाही.

नैसर्गिक पाणी अडवून शेजारच्या शेताचं नुकसान होत असेल तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात कलम ५ खाली ती सोय आहे. सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मी मावशींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोजचं तोंड पाहाचं आहे, तिथं कोन जाईन?" साहेब वाईट माणूस नाहीत. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा दिला, मावशींना खुर्ची दिली. पण तुरीच्या भरपाईचं काढलं की म्हणतात, पाऊस काय मी पाडला? मी त्यांना सांगितलं आहे की माझ्या शेवटच्या बिलातून ती रक्कम कापा, पण मावशींना तुमच्या हातानं द्या. त्यावर त्यांचं उत्तर यायचं आहे.

आता नवं काम घेताना मी खालच्या वावराच्या मालकाला भेटल्याशिवाय अंदाजपत्रक देत नाही. काही गिऱ्हाइकं त्यावरूनच परत गेली, जाऊ देत.

साहेबांच्या कोपऱ्यात पाइप बंद करून दहा फुटांची दगडी सांड, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी रुंद वाट, काढायची ठरली आहे, डुकरांसाठी पुढे लोखंडी जाळी. पाणी पसरून, वाळ्याच्या पट्ट्यातून गाळून जाईल. त्याला मावशी तयार आहेत. रस्त्याकडचा चर मात्र दरवर्षी रोहिणीत उपसावा लागणार, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा भरेल. तो कोणी उपसायचा, एवढं अजून ठरलेलं नाही.