तुम्ही विचारलंत म्हणून : लिव्हिंग विल केलं, तर हॉस्पिटल ऐकेल का?

वकिलीत माझं बरंचसं काम मृत्युपत्रांचं. घर कोणाला, दागिने कोणाला, हे सगळं लिहून झालं की लोक कागद पिशवीत घालता घालता विचारतात, "आणि ते दुसरं? व्हेंटिलेटरवर ठेवू नका, असं लिहून ठेवता येतं ना? पण लिहिलं तरी हॉस्पिटलवाले ऐकतात का?"

लिहून ठेवता येतं. त्या कागदालाच लिव्हिंग विल म्हणतात. ऐकतातही. पण कागद स्वतःहून आयसीयूत चालत जात नाही. तो तिथे नेणारा, डॉक्टरांसमोर ठेवणारा आणि त्यावर ठाम राहणारा माणूस लागतो. म्हणून मी आधी मसुदा काढत नाही. तुमच्या वतीने कोण बोलणार, ते विचारते. बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते अरुणा शानभाग यांच्या खटल्यात दिसलं. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या आणि १९७३मधल्या हल्ल्यानंतर तिथेच जवळजवळ अचेत अवस्थेत होत्या. त्यांना जबरदस्तीने अन्न भरवणं थांबवावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पण त्याआधी न्यायालयाला ठरवावं लागलं, की अरुणाच्या वतीने बोलायचं कोणी? उत्तर मिळालं, इतकी वर्षं त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. आणि त्यांचं म्हणणं होतं, अरुणाला जगू द्या. २०१५मध्ये न्यूमोनियाने त्या गेल्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान व्यक्ती आपली इच्छा आधीच लिहून ठेवू शकते. संसदेने यावर वेगळा कायदा केलेला नाही. या निकालातल्या, पुढे २०२३मध्ये बदललेल्या सूचना हाच सध्याचा कायदा. इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र आजही गुन्हाच आहे, हे मला दर वेळी सांगावं लागतं. इथे प्रश्न आहे तो बरं न करणारे, फक्त मरण लांबवणारे उपचार सुरूच न करण्याचा किंवा थांबवण्याचा.

२०१८ची पद्धत इतकी किचकट होती, की माझ्या मते ती कोणी वापरू नये म्हणूनच बेतली असावी. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी. जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं. तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक जणांची नावं घालता येतात. प्रत त्यांना द्यायची, फॅमिली डॉक्टरांना द्यायची आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची. प्रती सांभाळणारा माणूस तिथे नेमलेला असला पाहिजे. व्यवहारात सगळं अडतं ते इथेच. खिडकीवरच्या माणसाला हा कागद काय आहे, हेच ठाऊक नसतं. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना तर अशा नेमणुकांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

वेळ आलीच, तर आधी हॉस्पिटलचं प्राथमिक मंडळ बसतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. उपचार थांबवायला ते 'हो' म्हणाले, की दुसरं मंडळ बसतं. त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. तुम्ही नेमलेल्या माणसांची संमती घ्यायची आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयाचा दरवाजा आहे. कागद नसला तरी नातेवाइकांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं, पण तेव्हा "आईला काय हवं होतं" यावर भावंडांची तोंडं दोन दिशांना होतात.

ही वाट माहीत नसल्यामुळे काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. डॉक्टर हलक्या आवाजात सांगतात, "आता घरी न्या." घरचे 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' लिहून सही करतात. रुग्ण घरी येतो आणि शेवटचे दिवस वेदनेत, मॉर्फिनविना जातात. शिवाय मुलाच्या सहीचा कागद म्हणतो, की त्याने सल्ला मोडला. मला हे फार क्रूर वाटतं. डॉक्टरांनाही मी पूर्ण दोष देत नाही. पोलिस केसची भीती खरी असते.

मसुद्यात लोक सरसकट "व्हेंटिलेटर नको" लिहायला सांगतात. मी लिहीत नाही. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस चालत घरी जाऊ शकतो. म्हणून आधी अवस्था लिहायची : बरं होण्याची आशा नसलेला, शेवटाकडे नेणारा आजार आणि निर्णय घेण्याची क्षमता गेलेली. मग त्या अवस्थेत काय नको ते : व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, नळीने अन्न. आणि काय हवंच ते : वेदना आणि धाप कमी करणारी औषधं, शेवटपर्यंत. हे मोघम राहिलं, तर मंडळ तो कागद बाजूला ठेवू शकतं.

नाव कोणाचं घालायचं? थोरला मुलगा म्हणून त्याचं घालू नका. डॉक्टरांना तोच प्रश्न पुन्हा विचारू शकेल आणि परगावाहून आलेल्या काकांच्या "काहीतरी करा ना" पुढे वितळणार नाही, अशा जवळच्या माणसाचं घाला. त्याला आधी विचारा. नाव कागदावर वाचून त्याला धक्का बसायला नको.

मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवायचं असेल, तर तो प्रकार वेगळा. त्यासाठी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे.

आणखी एक भीती लोक बोलून दाखवतात : सही केली आणि उद्या साध्या ऑपरेशनला गेलो, तर हा कागद काढून मला सोडून देतील का? नाही. तुम्ही शुद्धीवर आहात आणि स्वतः ठरवू शकता, तोवर त्या कागदाला काही काम नाही. तुम्हालाच विचारलं जाईल. मत बदललं, तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. तेव्हा नवा कागद करताना जुन्याच्या सगळ्या प्रती, फॅमिली डॉक्टरांकडचीसुद्धा, परत मागवून घ्या. दोन तारखांचे दोन कागद घेऊन दोन मुलं आयसीयूच्या दारात उभी राहिली, तर डॉक्टर दोन्ही ठेवून देतील आणि उपचार चालू राहतील.