तीन दिवे मिलानला नेताना

एप्रिल २०२५ मध्ये मी तांब्याचे तीन दिवे घेऊन मिलानच्या सालोने देल मोबिले या फर्निचर मेळ्यात उभी होते. परत आल्यापासून बरेच जण फोन करून विचारतात, की तिथं जायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

हा मेळा १९६१ पासून भरतो. दिव्यांचा विभाग, युरोलुचे, १९७६ मध्ये सुरू झाला आणि तो एक वर्षाआड असतो. २०२५ हे त्याचं वर्ष होतं, म्हणून मी आधीचं वर्ष थांबले होते. आमच्यासारख्या नवख्यांसाठी १९९८ मध्ये मार्व्हा ग्रिफिन यांनी 'सालोने सॅटेलाइट' हा वेगळा विभाग सुरू केला. वय पस्तिशीच्या आत हवं आणि निवड समितीला काम पटायला हवं. नेंदो हा जपानी डिझाइन स्टुडिओ चालवणारे ओकी सातो इथूनच पुढे आले. मी तेहतीस पूर्ण केली होती, म्हणजे हाताशी फार वर्षं नव्हती.

अर्जात फोटो आणि कामाची माहिती पाठवायची असते. माझ्याकडे पाठवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत काकांच्या हातून घडलेली एक शेड. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत, तिथले तांबट कारागीर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले आणि तेव्हापासून जातेच आहे. मठारकाम मी भांड्यांवर लहानपणापासून पाहिलं होतं. बंब, घंगाळ, पाण्याचा हंडा, सगळ्यांवर हातोडीच्या ठोक्यांच्या त्या ओळी असतात. ठोक्यानं पत्रा नुसता सुंदर दिसत नाही, तो कडक होतो. म्हणून पातळ पत्र्याचं मोठं भांडंही दबत नाही. पण त्या ठोक्याच्या आतल्या बाजूला दिवा लावला तर काय होतं हे कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही पाहिलं. प्रत्येक ठोका आतून एक छोटा आरसा होतो आणि भिंतीवर उजेडाचे खवले पडतात, मासळीच्या पाठीवर असतात तसे.

रंगानं मात्र सतावलं. तांबं निळा उजेड गिळतं आणि लाल-नारिंगी परत टाकतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका तो पिवळा. घरात छान दिसणारा २७०० केल्विनचा पिवळा एलईडी शेडमध्ये लावला की सगळं चुलीतल्या निखाऱ्यासारखं लाल व्हायचं. ४००० केल्विन लावला तर जेवणाच्या टेबलावरचा हात आजारी माणसाचा वाटायचा. शेवटी ३००० वर थांबलो. त्या एका आकड्यासाठी काकांच्या दुकानात सात संध्याकाळी गेल्या. दार लावून, बाहेरचा उजेड बंद करून, काकू पोह्यांची बशी शेडखाली धरायच्या आणि आम्ही पोह्यांचा रंग बघायचो. अन्नाचा रंग खरा दिसला पाहिजे, ही अट काकूंची.

वायरिंगचा विचार आधी करा, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि इटलीतही तेवढंच, त्यामुळे मला वाटलं प्लग बदलला की झालं. पण सगळं अंग धातूचं असलेल्या दिव्यात थेट मेन्सची वायर गेली की अर्थिंग, इन्सुलेशन, सगळ्याची परीक्षा वेगळी. एका जाणकार इलेक्ट्रिशियनबरोबर बसून मी आतलं सगळं २४ व्होल्टवर आणलं. मेन्सची वीज २४ व्होल्टवर उतरवणारा ड्रायव्हर, युरोपात लागणारी सीई खूण असलेला, तयारच विकत घेतला आणि तो शेडपासून लांब, पायथ्यात बसवला. ही कल्पना अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांच्या १९६२ च्या 'तोयो' दिव्यावरून सुचली. त्यात मोटारीचा हेडलाइट आहे, वायर सांभाळायला मासेमारीच्या गळाच्या काठीवरच्या कड्या आहेत आणि ट्रान्सफॉर्मर लपवलेला नाही. तो तळाशी उघडाच ठेवलाय आणि त्याच्याच वजनावर दिवा उभा राहतो. माझा ड्रायव्हर हलका, म्हणून त्याच्याखाली पितळेची चकती घातली. दिवा स्थिर झाला, आणि माझा जीवही.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा नाचले. मग कागद सुरू झाले. व्हिसाबद्दल जास्त लिहीत नाही. मेळ्याचं निमंत्रणपत्र, बँकेचे कागद, किमान ३०,००० युरोचा विमा, आणि भेटीची वेळ लवकर घेणं. इतकंच.

खरं प्रकरण कार्नेचं. परदेशात माल विकायला नाही, फक्त दाखवायला न्यायचा असेल तर एटीए कार्ने नावाचं पुस्तक काढतात. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. मालाच्या किमतीनुसार हमी ठेवावी लागते आणि मग परदेशात आयातशुल्क न भरता वस्तू नेता-आणता येतात, एक वर्षाच्या आत. पुस्तकात वेगवेगळ्या रंगांची पानं असतात. आपल्या देशातून निघताना आणि परतताना पिवळं, तिकडे शिरताना आणि बाहेर पडताना पांढरं. चारही ठिकाणी कस्टमचा शिक्का हवा. एक जरी राहिला तरी माल तिकडेच विकला असं धरून शुल्काची मागणी येऊ शकते. म्हणून विमानतळावर सामान देण्याआधी कस्टमच्या खिडकीशी जायचं, नंतर नाही.

खोक्याची गोष्ट याच्याही आधीची. एका पॅकिंगवाल्यानं कच्च्या लाकडाची दोन मजबूत खोकी खिळे मारून दिली. निघायला नऊ दिवस उरले असताना मला कळलं, की साध्या लाकडाचं पॅकिंग युरोपात चालत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास दिलेली हवी आणि तसा गव्हाच्या लोंबीचा शिक्का खोक्यावर हवा, म्हणजे किडे लाकडातून देशोदेशी जात नाहीत. विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, कोण बघतंय?" मी ती खोकी तिथंच सोडली. प्लायवूडला हा नियम लागत नाही. आळीशेजारच्या सुतारानं दोन रात्रीत प्लायची खोकी केली, तीही स्क्रूची, कारण कस्टमवाल्यांना उघडावी लागली तर खिळे उपटताना पत्र्याला पोचा पडायचा. एक भरलं १९ किलोचं, दुसरं २१. तेवीसच्या मर्यादेत बसली आणि माझ्याबरोबर विमानातच आली.

कार्नेच्या यादीत प्रत्येक वस्तू ओळखू यावी म्हणून दिव्यांवर नंबर हवे होते. काकांनी छिन्नीनं तळावर ठोकले. देवनागरीत. १, २, ३. मला ते इतके आवडले की पुढचा विचारच केला नाही. मुंबईत पिवळ्या पानावर शिक्का बसला. मालपेन्सा विमानतळावर इटालियन अधिकारी बाईंनी पहिला दिवा उलटा केला, यादी पाहिली, पुन्हा दिवा पाहिला आणि म्हणाल्या, "नाइन?" यादीत इंग्रजी आकड्यात एक, दोन, तीन; आणि आपला देवनागरी एक त्यांना थेट नऊ दिसत होता! मग मी वहीच्या पानावर शून्य ते नऊ दोन्ही लिपींत लिहून दिले. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं, आपला दोन त्यांच्या दोनाशी आणि तीन तिनाशी ताडून पाहिला, हसल्या आणि पांढऱ्या पानावर शिक्का मारला. तुम्ही इंग्रजी आकडेही टाका. पण देवनागरी काढू नका.

मेळा भरतो शहराबाहेर, रो या ठिकाणी. तांबड्या मेट्रोचं तेच टोक. मास्सिमिलियानो फुक्सास यांनी उभारलेलं ते २००५ चं संकुल एवढं प्रचंड आहे, की मधल्या रस्त्यावरचं काचेचं लाटांसारखं छत एक किलोमीटरहून लांब आहे. पायात चांगले बूट हवेत.

मांडणीच्या दिवशी मी दिवे लावले आणि पोटात खड्डा पडला. वरच्या दिव्यांच्या पांढऱ्या झोतात भिंतीवरचे खवले दिसेनातच. काकांच्या अंधाऱ्या दुकानात इतकं जिवंत असलेलं काम तिथं नुसत्या भांड्यासारखं उभं होतं. शेजारच्या मुलीनं, ती कोरियाहून आली होती, तिच्याकडचं उरलेलं काळं कापड दिलं. अग्निरोधक असल्याचा कागद त्याच्याबरोबर होता. तो नसेल तर कापड लावण्याच्या फंदात पडू नका. आम्ही दोघींनी डोक्यावर छोटं छत धरलं आणि खवले परत आले. दिव्यांची मांडणी करणाऱ्यांनी उजेडाइतकीच अंधाराचीही तयारी घरून न्यावी.

दिव्याशेजारी नावाची पाटी होती. तिच्यावर माझ्या नावाच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरात, काकांचं नाव आणि 'तांबट आळी, पुणे' लिहिलं होतं. याबद्दल मी हट्टी आहे. रेघ माझी असेल, पण हजारो ठोके त्यांचे आहेत. कारागिराला 'स्थानिक कलाकार' म्हणून दोन शब्दांत गुंडाळलेलं मी फार पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी राग येतो.

लोक दिव्याला हात लावायचेच. दुसऱ्या दिवसापर्यंत तांब्यावर बोटांचे काळसर डाग. मी संध्याकाळी लिंबू आणि मीठ आणलं, एक दिवा घासून लखलखीत केला आणि काकांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "अगं, घासू नकोस बाकीचे. वापरलेलं तांबं दिसू दे की त्यांना." मग पुढचे दिवस एक लखलखीत आणि दोन हातांच्या ठशांचे असेच ठेवले. लोक त्या दोघांपाशी जास्त रेंगाळत होते.

एका सकाळी वेळ काढून शहरात अकिले कास्तिल्योनी यांचा स्टुडिओ पाहिला. ते २००२ मध्ये गेले, पण त्यांनी जमवलेल्या निनावी वस्तू तिथं होत्या, कुणी घडवल्या ते माहीत नसलेल्या, रोजच्या वापरातल्या. मला आमचा हंडा तिथं शोभला असता असं वाटलं, आणि डोळे भरून आले.

शेवटच्या दिवशी एका बाईंना दुसऱ्या नंबरचा दिवा तिथल्या तिथं विकत हवा होता. पैसेही काढले होते. कार्नेवरचा माल परत आणावाच लागतो, म्हणून नाही म्हटलं. त्यांचा पत्ता घेतला. त्यांचा दिवा नवा घडून, रीतसर निर्यात होऊन जाईल. दिवे बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं वेगळंच विचारलं: शंभर नग करता येतील का, आणि ठोक्यांचं ड्रॉइंग मिळेल का?

परतताना मालपेन्साला पांढरा, मुंबईला पिवळा, दोन्ही शिक्के झाले. दुसऱ्याच दिवशी खोकी घेऊन आळीत गेले. काकांनी दिवे उलटे-सुलटे करून पाहिले, एक ओरखडा बोटानं चाचपला. मी ड्रॉइंगचं विचारलं. ते म्हणाले, "ड्रॉइंग कसलं? त्याला म्हणावं, नमुना घेऊन जा." आणि मग पाटीवर खडूनं हिशेब मांडायला बसले: एका शेडला तीन दिवस, हाताखाली दोन पोरं शिकवली तर शंभरांना किती.