सीट नसलेली सायकल जोडताना

सांगाडा हातात आला तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरलं ते हे, की सीट बसवायला जागाच नाही. मधली नळी इतकी खाली आणि आखूड, की त्या सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. ट्रायल्स या सायकलच्या खेळात बसायचं नसतंच. दगड, ओंडके, लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी), कठडे यांवरून सायकल न्यायची, तीही उभ्याने आणि पाय जमिनीला न टेकवता. पारंपरिक नियमांत पाय टेकला की एक दंडगुण आणि एका टप्प्यात जास्तीत जास्त पाच. जितके गुण कमी, तितका स्वार चांगला.

हा खेळ मोटरसायकलच्या ट्रायल्समधून आला. स्पेनमध्ये मोंतेसा या मोटरसायकल कंपनीत काम करणाऱ्या पेद्रो पी यांनी आपल्या मुलाला इंजिनाशिवाय तोच सराव करता यावा म्हणून सायकल वापरायला सुरुवात केली. तो मुलगा, ओत पी, पुढे विश्वविजेता झाला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण खेळाची सुरुवातच कुणाला तरी शिकवण्यासाठी वापरलेल्या सायकलपासून झाली.

मी तयार सायकल न घेता वापरलेले सुटे भाग जमवले. चाकांच्या दोन मापांपैकी एक निवडायचं होतं. २० इंची सायकलचं मागचं चाक खरं तर १९ इंची असतं आणि त्यावर जाडजूड टायर. ती फार चपळ. मी २६ इंची घेतली, कारण साध्या सायकलची सवय असलेल्या शरीराला ती लवकर ओळखीची वाटते. तरी पहिला दिवस विचित्रच गेला. साध्या सायकलवर क्रँकचा, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्यांचा, धुरा चाकांच्या धुऱ्यांपेक्षा खाली असतो, इथे तो वर असतो. या धुऱ्यापासून मागच्या चाकाच्या धुऱ्यापर्यंतचं अंतर माझ्या सांगाड्यात सुमारे ३८० मिलिमीटर आहे. साध्या माउंटन सायकलवर ते ४३० च्या आसपास किंवा जास्तच असतं. त्यामुळे हँडल जरा ओढलं की पुढचं चाक उठतं आणि आपण मागच्या चाकावर. नेमकं हेच हवं असतं, पण पहिल्या आठवड्यात मला तोल सतत मागे जातोय असं वाटत राहिलं.

जोडणीत खरा धडा मिळाला फ्रीव्हीलकडून, म्हणजे पेडल पुढे मारलं की पकडणाऱ्या आणि उलट फिरवलं की मोकळ्या सुटणाऱ्या चक्राकडून. ट्रायल्स सायकलवर फ्रीव्हील बहुतेक वेळा पुढे, क्रँकवरच असतं. मागचं दातेरी चक्र हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, पक्कं. माझ्याकडे पुढे १८ दात आणि मागे १५. मी सुरुवातीला हाताशी असलेलं साधं फ्रीव्हील लावलं, एका फेऱ्यात १८ ठिकाणी पकडणारं. म्हणजे पेडल दाबल्यावर पकड येईपर्यंत २० अंशांपर्यंत पाय नुसताच खाली जाऊ शकतो. क्रँक १७० मिलिमीटरची असेल तर पायाखाली जवळजवळ सहा सेंटिमीटरची पोकळी. मागच्या चाकावर उभं राहून पेडलच्या एका झटक्याने पुढे उडी घ्यायची, याला पेडल किक म्हणतात. त्या झटक्याच्या क्षणी पाय पोकळीत गेला की उडी तिथेच मेली. दोन आठवडे मी दोष स्वतःच्या पायांना देत होते. मग ७२ ठिकाणी पकडणारं फ्रीव्हील लावलं. पोकळी पाच अंशांवर, म्हणजे दीड सेंटिमीटरवर आली आणि तिसऱ्या दिवशी पहिली किक बसली. जुनं काढणं मात्र कष्टाचं. पेडल मारताना ते स्वतःच स्वतःला आवळत जातं. काढायचा पाना शिकंज्यात घट्ट धरून वरून अख्खी क्रँकच फिरवावी लागली.

मागचं चक्र पक्कं असल्याचा एक धोका आहे, तो नवख्याला सांगायलाच हवा. चाक फिरतं तोवर चेन फिरत राहते, तुम्ही पेडल मारत नसलात तरी. चाक फिरवत चेन पुसायला गेलात तर बोट चक्रात जायला क्षण पुरतो. चाक थांबवूनच पुसा.

आता ब्रेक. माझ्या मते ट्रायल्स सायकल म्हणजे निम्मी ब्रेकच आहे. मागच्या चाकावर उभं राहायचं तर ते चाक इंचभरही सरकता कामा नये, आणि तेही एका बोटाच्या दाबाने. मी रिमवर पकडणारे हायड्रॉलिक (नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक लावले, माग्युरा एचएस ३३ या जातीचे. या खेळात ते वर्षानुवर्षं वापरले जातात. पण गुळगुळीत रिमवर ते हवे तसे धरत नाहीत. रिमचा काठ ग्राइंडरने खरबडीत करावा लागतो.

ते करायला मी पंधरा दिवस घाबरत होते. टायर-ट्यूब उतरवली, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि फिरती चकती रिमला तिरकी, अगदी हलकी टेकवत गेले. दाबायचं अजिबात नाही, कारण काठाची भिंत पातळ असते आणि एका जागी रेंगाळलात तर तिथे खड्डा पडतो. बारीक तिरक्या रेघा सगळीकडे सारख्या उमटल्या की पुरे. नंतर ब्रेकचे गुटके रिमला पूर्ण सपाट टेकतील असे बसवले. इथे अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. गुटक्याची एकच कड टेकत असेल तर सगळी मेहनत वाया. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा जो कर्कश आवाज आला, तो ऐकून मला खूप आनंद झाला. चाक जागच्या जागी गोठलं होतं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढणं हे त्यानंतरचं काम. लिव्हर सगळ्यात उंच राहील अशी सायकल तिरकी उभी केली, खालच्या सिलिंडरला तेल भरलेली सिरिंज जोडली आणि हळूहळू वर ढकललं. बुडबुडे स्वभावाने वर जातात, त्यांना वाट दिली की झालं. वरून बुडबुड्याशिवाय तेल यायला लागेपर्यंत थांबायचं. बरेच स्वार लिव्हर हलकी चालावी म्हणून तेलाऐवजी पाणी भरतात, पण थंडीत ते गोठू शकतं. मी खनिज तेलावरच राहिले. मोटारीच्या ब्रेकचं डॉट द्रव यात चुकूनही घालू नका, रबरी सील खराब होतात.

चेनबद्दल एकदा निष्काळजीपणा झाला. लांबी कमी करताना काढलेली पिन मी तीच पुन्हा दाबून बसवली. महिनाभराने किक मारताना नेमकी तीच कडी तुटली. पायाखालचा आधार गेला, गुडघा स्टेमवर (हँडल धरणाऱ्या पुढच्या तुकड्यावर) आदळला आणि दहा दिवस सूज राहिली. तेव्हापासून पिन पुन्हा वापरणं बंद. दर पंधरा दिवसांनी चेनवर पट्टी ठेवते. नव्या चेनच्या पहिल्या पिनपासून पंचविसाव्या पिनपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरतं. एक षोडशांश इंच वाढलं की चेन बदलायची, मग ती दिसायला कितीही चांगली असो. ताण पाहताना क्रँक पूर्ण फिरवून बघावी, कारण चक्र अगदी गोल नसतं. सगळ्यात ताठ जागी चेन मधोमध सेंटिमीटरभर हलली पाहिजे.

टायरमध्ये मागे हवेचा दाब २० ते २५ पीएसआय ठेवते. कमी हवेने टायर कठड्याला चिकटतो, फार कमी असेल तर रिम आणि कडा यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. उतरताना रिमचा टकटक आवाज आला की थोडी हवा वाढवायची.

आता सरावाआधी ठरावीक पाच मिनिटं देते. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवते, क्रँक धरून आडवी हलवते, आरे दोन-दोन चिमटीत दाबून बघते. कुठेही खट्‌ असा आवाज आला तर आधी पाना, मग सराव. फ्रीव्हीलचा आवाजही ऐकते. आतली खिट्टी जाड ग्रीसमध्ये अडकली तर दात सुटतो, म्हणून आत पातळ तेलच घालते.

परवा एका पॅलेटवरून तीन पॅलेटच्या चवडीवर पहिली किक नीट बसली. मागचं चाक टेकलं, ब्रेक ओरडला आणि मी वर उभी होते, चाक न हलता. खाली उतरून रिम पाहिली. काही भागातल्या रेघा पुसट झाल्यात. ग्राइंडरला नवी चकती लावून ठेवली आहे.