रेझर व्ही-३ ची नोंद : बिजागरी, कीपॅड आणि जुन्या ग्राहकांची मते

दोन वर्षे कपाटात पडून असलेला माझा मोटोरोला रेझर व्ही-३ हा झाकण उघडून वापरायचा जुना मोबाइल फोन अखेर रविवारी रात्री सुरू झाला. बिजागरीतून वरच्या झाकणाकडे जाणारी फ्लेक्स पट्टी, म्हणजे विद्युत जोडणीची लवचिक पातळ पट्टी, वयोमानाने तुटली होती. एका व्यापाऱ्याकडून मागवलेली पहिली पट्टी मूळ पट्टीहून किंचित जाड निघाली, त्यामुळे ती बिजागरीच्या पोकळीत वळताना अडकू लागली आणि चार-पाच उघडझापींतच बाहेरचा छोटा डिस्प्ले विझला. दुसरी पट्टी मी एका निकामी फोनमधून काढली. ती बोटांनी ओढण्याऐवजी सैल गुंडाळी करून पोकळीतून अलगद सरकवली, की कनेक्टरवर ताण येत नाही, हे या खेपेस नीट कळले.

काम चालू असताना, २००५-०६ च्या सुमारास हा फोन नवा घेतलेल्या परिचितांना मी त्यांचा अनुभव विचारत होतो. रूपाबद्दल सर्वांचे एकमत आहे. मिटलेल्या अवस्थेत १३.९ मिलिमीटर जाडी, ९५ ग्रॅम वजन आणि ॲल्युमिनियमचे थंड कवच या गोष्टी त्या काळच्या जाडजूड प्लॅस्टिकच्या फोनांपुढे वेगळ्याच जगातल्या वाटत. माझ्या आत्याला तो झाकण मिटताना होणाऱ्या ‘टक्’ आवाजासाठी आजही आठवतो. बोलणे संपले की बटण शोधावे लागत नसे.

तक्रारींचा सूर मात्र एकसारखा नाही. कीपॅड धातूच्या एकाच पातळ पत्र्यावर रासायनिक प्रक्रियेने कोरलेला असल्याने निळ्या प्रकाशात तो अप्रतिम दिसतो, परंतु कळा जवळजवळ सपाट आहेत आणि न पाहता टाइप करणाऱ्याचे बोट एका कळेवरून दुसरीवर कधी गेले, हे त्याला समजत नाही. नोकियावरून आलेल्या माझ्या एका मित्राला आयटॅपची शब्द सुचवण्याची पद्धत शेवटपर्यंत रुचली नाही. तो एसएमएस अक्षर-अक्षर दाबूनच लिहीत असे. एकाच व्यक्तीचे घरचे, कार्यालयाचे आणि मोबाइलचे क्रमांक फोनबुकात स्वतंत्र नोंदी म्हणून राहतात, याबद्दलही दोघांनी नाराजी व्यक्त केली. कॅमेरा व्हीजीए, म्हणजे सुमारे ०.३ मेगापिक्सेलचा, आणि साठवण जेमतेम ५.५ एमबी, त्यात मेमरी कार्डाची सोय नाही, त्यामुळे छायाचित्रे सतत पुसावी लागत.

या साऱ्या उणिवांना बारीक अंगकाठीचे कारण दिले जाते, पण मला ते पूर्ण पटत नाही. कळांचा सपाटपणा आणि सुमारे ७०० एमएएचची छोटी बॅटरी ही खरोखरच जाडी कमी ठेवण्याची किंमत आहे. अँटेना खालच्या फुगीर भागात, म्हणजे आपण जिला हनुवटी म्हणतो तिच्यात ठेवली, म्हणूनच वरचे झाकण इतके पातळ होऊ शकले, आणि ती हनुवटी मला या रचनेतील सर्वांत सुंदर तडजोड वाटते. परंतु २००५ मध्ये आलेल्या व्ही-३आय या सुधारित आवृत्तीने तितक्याच जाडीत १.२३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि मेमरी कार्ड दिले, तेव्हा साठवणुकीची तक्रार करणारे ग्राहक रास्तच बोलत होते. फोनबुकाचा प्रश्न तर सॉफ्टवेअरचा होता; त्याचा जाडीशी संबंधच नाही.

एअरटेलचे सिम घालून टू-जीवर आत्याला फोन केला, तेव्हा आवाज स्वच्छ आला. आता तळच्या ओळीतील तारा (*), शून्य आणि चौकट (#) या कळांखालचा निळा प्रकाश मंद आहे. कीपॅड उचलून त्याखालचा प्रकाश देणारा पातळ पापुद्रा बदलावा लागेल. तो पत्रा वाकवल्याविना सुटा करण्याची खात्रीची रीत ज्यांना साधली आहे, त्यांनी ती अवश्य सांगावी. तोवर मी कीपॅडला हात लावणार नाही.