इथे लय कोणाकडे?

२९ ऑगस्ट

विद्यापीठाच्या पर्कशन एन्सेम्बलच्या, म्हणजे तालवाद्यांच्या गटांच्या, याद्या आज दारावर लागल्या आणि माझं नाव चौघांच्या गटात निघालं. मोठ्या गटात पडले असते तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटून गेलं. तिथे समोर कंडक्टर असतो, आजूबाजूला दहा-बारा जण असतात, एखादी मात्रा गिळली तरी खपून जाते. चौघांत काही खपत नाही. चेंबर म्युझिक म्हणजे एका भागाला एकच माणूस. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं ढोल-ताशा पथकच आहे. पथकात पन्नास ढोल एकच ठोका देतात. इथे माझा ठोका मी दिला नाही तर तो दुसरं कुणी देत नाही.

बाकीचे तिघे पर्कशनचेच विद्यार्थी: ओहायोवाला, टेक्सासवाला आणि तायवानची. मी संगणकशास्त्राची, तबल्यात विशारद, आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, अक्षर अक्षर लावत वाचणारी. ऑडिशनला तबल्यातला एक कायदा (बोलांची बांधीव रचना) वाजवला होता. तो ऐकून घेतलं की दया येऊन घेतलं, देव जाणे.

रचना ठरली आहे: अमेरिकन संगीतकार जॉन केज, थर्ड कन्स्ट्रक्शन, १९४१. सॅन फ्रान्सिस्कोत असताना केलेली. चार वादक, कंडक्टर नाही. प्रत्येकाकडे तीन ड्रम आणि पत्र्याचे पाच डबे, शिवाय खुळखुळे, क्लेव्हज (एकमेकींवर आपटायच्या लाकडी दांड्या) आणि कायकाय. माझा तिसरा भाग आहे. त्यात डफलीसारखा टॅम्बरिन, बांबूच्या चिरफाळ्या, गाढवाचा जबडा आणि शंख. हो, शंख.

३ सप्टेंबर

आजचा सगळा वेळ डब्यांत गेला. चौघांचे मिळून वीस डबे हवेत, प्रत्येकाचे पाच लहान ते मोठे असे चढत्या आकाराचे, आणि ते स्वरांत एकमेकांपासून वेगळे ऐकू आले पाहिजेत. विद्यापीठाच्या मेसमधून टोमॅटोचे मोठे डबे मागून आणले. मधले डबे राजम्याचे, लहान टूना माशाचे. मेसमधल्या मावशींनी काही न विचारता पोतंभर काढून दिले. दरवर्षी कुणी ना कुणी येत असणार.

डबा उपडा घालायचा, तोंड खाली, बूड वर. खाली फोमची पट्टी, नाहीतर डबा टेबलावर नाचतो आणि आवाज टेबलाचा येतो. कडेवर मारलं तर टणक, मध्यावर मारलं तर भसाडा. पत्र्याच्या अंगावर ज्या वळ्या असतात त्यांनीही फरक पडतो. गुळगुळीत अंगाचा डबा जास्त वेळ घुमतो. वाजवून वाजवून बुडाला खड्डा पडला की स्वर उतरतो, मग तो डबा निवृत्त. तबल्याची शाई अशी सहजी बदलता आली असती तर मिरजेच्या आमच्या तबलेवाल्याचे हेलपाटे वाचले असते.

केजकडे सुरुवातीला वादकसुद्धा नव्हते. लॉस एंजेलिसला असताना तो पुस्तकबांधणी करणाऱ्या लोकांबरोबर राहायचा आणि संध्याकाळी त्यांनाच वाजवायला बसवायचा. १९३५ च्या त्याच्या क्वार्टेटमध्ये कोणतं वाद्य वाजवायचं हेच लिहिलेलं नाही. टेबल, पुस्तकं, खुर्च्या, जे हाताशी येईल ते. पुढे संगीतकार मित्र लू हॅरिसनबरोबर भंगारवाल्यांकडे आणि चायनाटाऊनमध्ये फिरून त्याने वाद्यं जमवली. त्यामुळे मेसमधलं पोतं पाठीवर घेऊन येताना मला अजिबात लाज वाटली नाही. टेक्सासवाल्याला वाटली.

११ सप्टेंबर

घरी गणपती बसलेत. व्हिडिओ कॉलवर आरती झाली. आई म्हणाली, "तिकडं जाऊन डबे बडवायलीस होय गं? एवढी विशारद केलीस ती कशाला?" बाबा मागून म्हणाले, "बडवू दे की, तालात बडवतीया का ते विचार." शंखाचं सांगितलं तर दोघंही खूश. गाढवाच्या जबड्याचं सांगितलं नाही.

तालमीची सुरुवात कोच टाळ्यांनी करून घेतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं क्लॅपिंग म्युझिक, १९७२ चं, दोघांसाठी. तीन टाळ्या, गप्प. दोन टाळ्या, गप्प. एक टाळी, गप्प. दोन टाळ्या, गप्प. झाल्या बारा मात्रा. पहिला माणूस शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा काही आवर्तनांनंतर हाच साचा एका मात्रेने पुढे सरकवतो, मग आणखी एका मात्रेने, असं करत बाराव्या सरकवणीला दोघं पुन्हा एक होतात.

तिघांनाही सरकवताना त्रास होत होता, कारण साचा सरकला की त्यांची 'एक'सुद्धा त्याच्याबरोबर सरकायची. तीन टाळ्यांचा झुबका जिथे पडेल तिथे त्यांना सुरुवात वाटायची. राइशने सूचनेत याच्या उलट लिहून ठेवलंय: दुसऱ्याने आपला पहिला ठोका जागचा हलू द्यायचा नाही, साचा त्याच्यावरून सरकत गेला पाहिजे. मी मनात एकताल धरला आणि काहीच अडचण आली नाही. सम जागेवर आहे, बोल सरकतायत. बारा मात्रांत अशा कसरती लहानपणापासून केल्यात. ओहायोवाल्याने विचारलं, "तू मोजतेस कसं?" मी हातावर टाळी-खाली धरून दाखवली. आता तिघे टेबलाखाली हात हलवत असतात आणि कोच बघून न बघितल्यासारखं करतात.

२५ सप्टेंबर

केजचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि तिथे एकताल कामाला येत नाही.

त्याने सगळी रचना चोवीस गुणिले चोवीसमध्ये बांधली आहे: चोवीस बारचा (बार म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेला मात्रांचा गट) एक खंड, असे चोवीस खंड. माझ्या भाषेत चोवीस बारचं आवर्तन. पण आतली विभागणी चौघांची चार प्रकारची. आवर्तन एकच, विभाग चौघांचे वेगळे. माझं वाक्य संपतं तेव्हा तायवानचीचं अर्ध्यात असतं, आणि टेक्सासवाल्याचं नुकतंच सुरू झालेलं असतं. समेला सगळे एकत्र येतात खरे, पण कागदावर. ती सम कुणी ठासून देत नाही.

आज पहिल्यांदा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) बंद करून वाजवलं आणि पाचव्या की सहाव्या खंडात कोसळलो. कुणाचा दोष, हे चौघांनाही सांगता येईना. प्रत्येकाला वाटत होतं आपण बरोबर होतो. बहुतेक होतोही.

रात्री पडल्या पडल्या विचार करत होते. तबला सोलो वाजवताना मागे लेहरा असतो. पेटीवाला तीच एक ओळ तासभर फिरवत बसतो, त्याला कंटाळा येत असेल की नाही कोण जाणे. पण तो आहे म्हणून तबलजी वाटेल तिथे भटकून येऊ शकतो. साथीला बसलं की उलटं. ठेका मी धरते आणि गायक भटकतो. दोन्हीकडे कुणीतरी एकजण घर राखत असतो, आणि तो कोण हे आधीच ठरलेलं असतं. केजमध्ये चौघेही भटकायला निघालेत आणि लेहरा कुणीच धरलेला नाही. मला हे मान्यच होईना. कुणीतरी धरलाच पाहिजे.

२ ऑक्टोबर

कोचना हेच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. स्कोअर, म्हणजे चौघांचं वाजवणं एकत्र लिहिलेली प्रत, टेबलावर पसरला, पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "पानापानावर जाऊन ठरवा, इथे लय कोणाकडे?" आणि कॉफी आणायला गेल्या.

तास-दीड तास आम्ही वाद घातला. एका पानावर टेक्सासवाल्याच्या डब्यांत अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे न तुटणारे ठोके चाललेत. तिथे लय त्याच्याकडे, यात वाद नाही. पण सहा बारनंतर तो थांबतो आणि लगेच माझे क्लेव्हज सुरू होतात. म्हणजे त्याने जाताना लय माझ्या हातात ठेवायची आणि मी घ्यायची. घेणं म्हणजे नुसतं वेळेवर सुरू करणं नाही. त्याच्या शेवटच्या तीन-चार ठोक्यांपासूनच मी आतून तेच वाजवत असले पाहिजे. नाहीतर मी माझी नवी लय घेऊन येते, केसभर जलद, आणि बाकीच्यांना कळत नाही कुणाचं ऐकायचं.

काही जागा अशा निघाल्या की ज्याच्याकडे लय आहे असं वाटत होतं तो सगळ्यात जोरात वाजवणारा होता, पण लय धरून होता तो हळू वाजवणारा. एका पानावर मोठ्या ड्रमचा गडगडाट आणि त्याखाली तायवानचीचा लाकडी खुळखुळा. सगळे गडगडाटाबरोबर जात होतो आणि दरवेळी मागे पडत होतो. खुळखुळ्याबरोबर जायचं ठरवलं. तो ऐकू यायचा तर बाकी तिघांना आवाज उतरवावा लागला. ओहायोवाल्याने तोंड वाकडं केलं, कारण गडगडाट त्याचा होता.

आता माझ्या कागदावर जागोजागी पेन्सिलने चष्मे काढलेत. इथले सगळे वादक काढतात: दोन गोल, मध्ये दांडी, म्हणजे इथे वर बघ. चष्म्याच्या बाजूला मी मराठीत लिहिलंय 'टे. कडून घे', 'ता. ला दे'. उसनवारीची वहीच झाली आहे.

१६ ऑक्टोबर

शंख. विभागाच्या वाद्यभांडारातल्या शंखाचं टोक कापलेलं आहे, मुखनळी बसवलेली नाही. ओठ आवळून फुरफुरवायचे, फुंकायचं नाही. आजोबा देवघरात शिकवायचे तेच. पण आजोबांच्या शंखाला लिहिलेल्या बारात सुरू होऊन लिहिलेल्या बारात थांबायचं नसायचं. दम संपला की संपला. इथे मला हातातली काठी खाली ठेवायची, शंख उचलायचा, ओठ लावायचे, आणि मधल्या काळात लय सांभाळायची. ती काठी ठेवायची कुठे, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. शेवटी स्टँडला टॉवेलची घडी बांधली, म्हणजे ठेवताना आवाज होत नाही.

ओहायोवाल्याकडे लायन्स रोअर आहे. ड्रमच्या चामड्यातून दोरी ओवलेली असते, राळ लावलेल्या फडक्याने ती ओढली की डरकाळी. मला यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं आठवलं. त्यातही चामड्यातून तार निघते, फक्त ती छेडतात. यूट्यूबवर दाखवलं तर तिघे एकदम गप्प होऊन बघत बसले, मग टेक्सासवाला म्हणाला, हे आपल्याला भांडारात हवं. आमच्या भांडारात एक बाद तबला आहे, त्याची वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) तुटलेली, आणि तो शेल्फच्या तळाशी बाँगोंच्या खाली पडलाय. आधी त्याचं बघा म्हटलं.

६ नोव्हेंबर

तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. आत असताना वाटतं तसं ते बाहेरून अजिबात ऐकू येत नाही. माझे डबे चौघांत सगळ्यात कर्कश. काठ्या बदलल्या, टोकाला पातळ टेप गुंडाळला. कोच म्हणाल्या, टेपने आवाज कमी होईल पण धार जाईल, तर हात बदल. ते जास्त कठीण. तबल्यात बोट चामड्यावर ठेवायचं की उचलायचं हे हाताला माहीत असतं. काठीला ते शिकवावं लागतं.

२१ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. पहिल्या अर्ध्यात मोठ्या गटाने एडगार व्हारेझचं आयोनायझेशन वाजवलं: तेरा वादक, समोर कंडक्टर. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा झालं तेव्हाही निकोलस स्लोनिम्स्की समोर उभे होते. विंगेतून बघताना मला त्या तेराजणांचा चक्क हेवा वाटला. मग आमची पाळी आली, आणि बाराव्या खंडाच्या आसपास कधीतरी तो विचार डोक्यातून निघून गेला. शंख वेळेवर लागला. टेक्सासवाल्याचा एक डबा फोमवरून सरकून खाली पडला, नेमका एका ठोक्यावर. नंतर दोन जणांनी येऊन सांगितलं, ती जागा फार छान होती.

बाबांनी लाइव्ह पाहिलं, तिकडे पहाट होती. म्हणाले, "सम कुठं होती गं?" मी म्हटलं, चोवीस-चोवीसला. म्हणाले, "मग बरोबर, मला दोनदा गावली."

४ डिसेंबर

पुढच्या सत्रात काय, यावर भांडण सुरू झालंय. ओहायोवाल्याला झेनाकिसचं पर्सेफासा हवंय. त्याला सहा वादक लागतात, तेही प्रेक्षकांच्या भोवती वर्तुळात उभे. १९६९ मध्ये इराणमध्ये, शिराझच्या महोत्सवात, पर्सेपोलिसच्या अवशेषांत फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या पर्कशन गटातल्या सहाजणांनी ते पहिल्यांदा वाजवलं. तायवानचीचं म्हणणं, चौघांना धड एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, आता मध्ये शंभर खुर्च्या आल्यावर पेन्सिलचे चष्मे काय कामाचे? टेक्सासवाला कुणाच्याही बाजूने नाही, त्याला फक्त डबे नकोत.

मी वेगळंच सुचवलं. शिकागोच्या थर्ड कोस्ट पर्कशन या गटाच्या चौघांसाठी झाकीरभाईंनी (झाकीर हुसेन) एक रचना केली आहे, मर्मर्स इन टाइम. त्यात तबलाही आहे. कोच म्हणाल्या, तबला कोण वाजवणार? तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघू, पण आधी शेल्फच्या तळाशी पडलेल्या त्या तबल्याला नवी वादी घालायला पैसे मंजूर करा, आणि जोडीला डग्गा कुठाय तो शोधा. उद्या सकाळी टेक्सासवाला आणि मी भांडार उपसणार आहोत. किल्ली त्याच्याकडे आहे.